थोडे, पण नित्य

(विद्यालयाच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



शाळेची साठ वर्षे मोजण्याच्या दोन रीती आहेत. इमारतीचे मजले, निकालांचे तक्ते, नामवंत विद्यार्थ्यांची यादी, ही एक रीत. स्मरणिकेत तिला योग्य ती जागा मिळालेलीच आहे. दुसरी रीत अशी, की साठ वर्षे ठरलेल्या वेळी घंटा झाली, फळा पुसला गेला, हजेरी घेतली गेली, पाढे म्हटले गेले. या गोष्टींचे छायाचित्र कोणी काढीत नाही. पण संस्था उभी राहते ती यांच्यावरच. व्यक्तीच्या आयुष्यालाही हाच नियम लागू पडतो. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी एकाग्रता, साधेपणा आणि नित्यक्रम हा विषय योजला आहे. त्याच्या विवेचनासाठी ज्या पुरुषाचा आधार घ्यावयाचा, तो या बडोदे शहराला परका नाही.

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असल्याने हे कुटुंब पुढे येथे आले. विनायकाचे शालेय व महाविद्यालयीन शिक्षण येथेच झाले. येथील ग्रंथालयात त्याने वाचले, येथील रस्त्यांवर मित्रांसह मैलोगणती पायपीट केली आणि १९१४ मध्ये समवयस्कांना घेऊन येथेच विद्यार्थी मंडळ काढले. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात त्याची व गांधीजींची भेट झाली. पुढील विनोबा सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु त्यांच्या दिनक्रमाची बीजे कोठे रुजली हे पाहावयाचे, तर आश्रमाआधी घराकडे वळले पाहिजे.

विनोबांच्या आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. घरात त्यांचा एक दंडक होता. मूल जेवावयास आले, की त्या विचारीत, तुळशीला पाणी घातले का? घातले नसेल, तर आधी पाणी, मग पान. एवढ्याशा नियमात सवयीचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे. तुळशीला पाणी घालणे मुलाच्या लक्षात राहीलच असे नाही. भूक मात्र न चुकता लागते. त्या माउलीने जे विसरण्याजोगे होते ते न विसरण्याजोग्या गोष्टीला बांधून टाकले. उपदेश केला नाही, शिक्षाही केली नाही. फक्त क्रम ठरविला. पालकांना यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ‘वेळ मिळेल तेव्हा कर’ असे सांगितलेले काम बहुधा होत नाही. ‘अमुक झाल्यावाचून तमुक नाही’ असे ठरलेले काम काही दिवसांत अंगवळणी पडते आणि मग त्याची आठवण करून देण्याचीही गरज उरत नाही.

याच आईची दुसरी गोष्ट. देवाला लाख तांदूळ वाहण्याचा तिचा संकल्प होता आणि रोज ती एकेक दाणा मोजून वाही. नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे, हिशेबी गृहस्थ. त्यांनी सुचविले, की एका मापातील दाणे एकदा मोजावेत आणि त्या प्रमाणात लाखाचे वजन काढावे. एवढा वेळ कशाला दवडावा? गणित बिनचूक होते. आईला उत्तर सुचले नाही, म्हणून तिने मुलाला विचारले. विन्याने सांगितले, की हा प्रश्न गणिताचा नाही. दाणा मोजताना दर वेळी चित्त देवाकडे वळते, त्यासाठी ही मोजदाद आहे.

या प्रसंगात वडिलांना चूक आणि मुलाला बरोबर ठरविण्याचे कारण नाही. तांदूळ विकत आणावयाचे असतील, तर वडिलांचीच रीत योग्य. प्रश्न आहे तो काम कशासाठी चालले आहे, हा. आजच्या घरात ही गल्लत पदोपदी होते. मुलाने धडा वाचावयाचा, तर त्याचा सारांश तयार मिळतो. निबंध लिहावयाचा, तर तो आयता मिळतो. गणित सोडवावयाचे, तर उत्तर क्षणात पडद्यावर येते. उत्तर हवे असेल तर हे सारे सोयीचेच आहे. परंतु विद्यार्थ्याला दिलेल्या गणिताचा हेतू उत्तर हा नसतोच. ते उत्तर गुरुजींना आधीपासून ठाऊक असते. हेतू असतो तो चित्त अर्धा तास एका ठिकाणी टिकविण्याचा. कोणती कामे झटपट उरकावयाची आणि कोणती दाणा दाणा मोजून करावयाची, याचा विवेक मुलांना देणे हे आजच्या पालकांपुढील पहिले काम आहे.

आता एकाग्रतेकडे वळू. १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा रविवार आणि अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मराठीला लाभला. सहाव्या रविवारी, २७ मार्चला, सहाव्या अध्यायाचा विषय होता. ध्यानयोगाचे विवेचन करताना विनोबांनी तीन गोष्टी एकत्र गुंफल्या आहेत : चित्ताची एकाग्रता, तिला पोषक अशी जीवनाची परिमितता आणि समदृष्टी. अभ्यास व वैराग्य ही त्यांची साधने म्हणून सांगितली आहेत.

या मांडणीतला ‘परिमितता’ हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. एकाग्रता हवी असे सर्वच म्हणतात. मुलाचे लक्ष लागत नाही, ही तर पालकसभेतील नित्याची तक्रार. परंतु लक्ष ही हुकमाने लागणारी वस्तू नव्हे. खोलीत चार वाद्ये एकदम वाजत असता एका सुराकडे कान दे, असे मुलाला बजावण्यात अर्थ नसतो. आधी तीन वाद्ये थांबवावी लागतात. परिमितता म्हणजे हे थांबविणे. आहार, झोप, बोलणे, पाहणे, ऐकणे, वस्तू आणि कामे यांना माप असेल, तर चित्ताला एका जागी बसण्यापुरती मोकळी जागा मिळते. साधेपणाचा खरा उपयोग येथे आहे. साधेपणा म्हणजे दारिद्र्य नव्हे आणि त्यागाचे प्रदर्शन तर नव्हेच. ज्या कामासाठी आयुष्य आहे त्याला वाव मिळावा, म्हणून बाकीचे बेताचे ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ.

या विचाराची कसोटी विनोबांच्या स्वतःच्या जीवनात १९३८ मध्ये लागली. प्रकृती अगदी खालावली होती; वजन अवघे ८८ पौंड उरले होते. गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला. विनोबांनी थंड हवेच्या ठिकाणाऐवजी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. तेथे धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता. नदीवरचा पूल ओलांडताना, सर्व कामांची चिंता सोडली, असा उच्चार त्यांनी तीनदा केला आणि मन रिकामे करूनच त्या जागेत प्रवेश केला. नंतर शेतात कुदळीने खणावयास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी किती खणले? अवघी पाच मिनिटे. पुढे रोज थोडी थोडी वाढ करीत ते तासांवर गेले. दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर आले. याच भूमीत खणताना भरत-रामाच्या भेटीचे प्राचीन शिल्प मिळाले आणि तेच पुढे आश्रमाचे दैवत झाले.

पुलावरचे सोडणे आणि शेतातली पाच मिनिटे या दोन कृती एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. केवळ सोडले असते, तर ती विश्रांती ठरली असती. केवळ खणणे सुरू केले असते आणि चिंतांचे ओझे तसेच राहिले असते, तर ते थकलेल्या शरीरावर आणखी एक ओझे झाले असते. नवे काही धरावयाचे असेल, तर आधी काही खाली ठेवले पाहिजे, आणि जे धरावयाचे ते शरीराला पेलेल एवढेच धरले पाहिजे. जूनच्या आरंभी मुलाला संगीत, चित्रकला, पोहणे, दोन शिकवण्या आणि एक परकी भाषा यांत एकदम घालणारे पालक, आणि नववर्षदिनी पहाटे चारला उठण्याचा निश्चय करणारे माजी विद्यार्थी, यांनी ही पाच मिनिटे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. मोठ्या संकल्पात आरंभाचाच आनंद इतका असतो, की पुढे काही करण्याची गरज वाटेनाशी होते. लहान संकल्पात मिरविण्यासारखे काही नसते. म्हणूनच तो टिकतो.

रोजच्या लहान मापातून किती मोठे काम उभे राहते, याचा दाखला ‘गीताई’ने दिला आहे. आईला गीता समजावी अशी इच्छा होती, पण संस्कृत येत नव्हते. तूच मराठीत का करीत नाहीस, असे ती मुलाला म्हणाली होती. आई १९१८ मध्ये गेली. विनोबांनी ‘गीताई’च्या लेखनास प्रारंभ केला तो ७ ऑक्टोबर १९३० रोजी आणि समाप्ती झाली ६ फेब्रुवारी १९३१ रोजी. सातशे श्लोक आणि चार महिने. सरासरी काढली तर दिवसाला पाच-सहा श्लोक होतात. अर्थात त्या पाच-सहा श्लोकांमागे अनेक वर्षांचे अध्ययन उभे होते. १९१७ च्या सुमारास आश्रमातून रजा घेऊन ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे संस्कृत शिकावयास राहिले होते. तेथेही दिनक्रम भरगच्च होता. स्वतःचा अभ्यास, इतरांसाठी गीतेचे वर्ग, आणि विद्यार्थ्यांसह जात्यावर दळण दळून मिळालेले पैसे वाचनालयाला. अभ्यास करणारे हात जात्याच्या खुंट्यावरही असावेत, ही कल्पना त्यांना कधी विसंगत वाटली नाही.

नित्यक्रमाबद्दल एक शंका साहजिक आहे. रोज तेच करावयाचे, तर ते यांत्रिक होत नाही काय? आणि एखाद्या दिवशी अडचण आलीच, तर काय करावे? या दोन्ही शंकांना सुरगावच्या प्रसंगात उत्तर आहे. १९४६ नंतरच्या काळात विनोबांनी पवनारजवळच्या सुरगाव या खेड्यात सफाईचे काम पत्करले. खांद्यावर फावडे टाकून ते रोज पायी जात आणि मैला साफ करून परत येत. एके दिवशी मुसळधार पाऊस झाला. वाटेतल्या ओढ्याला पूर आला आणि पलीकडे जाणे अशक्य झाले. पलीकडच्या काठावर गावचा एक माणूस दिसला. त्याला हाक मारून विनोबांनी सांगितले, की देवळात जाऊन देवाला कळव, गावचा सफाईवाला येऊन गेला. एवढे सांगून ते माघारी फिरले.

त्या दिवशी गाव स्वच्छ झाले नाही. पण विनोबांचा नियम मोडला नाही, कारण त्यांच्या हातात जेवढे होते तेवढे त्यांनी केले. पूर येणार हे घरबसल्याही कळण्यासारखे होते; तरी ते काठापर्यंत गेले. सवय टिकविण्याचे मर्म यात आहे. पाहुणे आले, प्रवास निघाला, ताप आला, तर पूर्ण पाठ होणार नाही. एक ओळ होईल. अर्धा तास मिळणार नाही; दोन मिनिटे मिळतील. काठापर्यंत जावयाचे आणि परत फिरावयाचे. जो काठापर्यंत गेला तो दुसऱ्या दिवशी ओढा उतरल्यावर पुढे जातो. घरीच थांबलेल्याला दुसऱ्या दिवशी थांबण्याचे नवे कारण सापडते.

या शिस्तीचा सर्वांत विस्तृत आविष्कार म्हणजे भूदानाची पदयात्रा. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिली शंभर एकर जमीन दानात मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरात विनोबा पवनारहून पुन्हा निघाले, ते १९६४ च्या एप्रिलमध्ये परतले. मधली सुमारे साडेबारा वर्षे पहाटे अंधारात निघणे, दहा-बारा मैल चालणे, लोकांना भेटणे, सायंकाळी प्रार्थना व भाषण हा क्रम चालला. ज्या माणसाची प्रकृती १९३८ मध्ये खचली होती, त्याने वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी हे व्रत घेतले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान जाहीर झाले. त्या जमिनीच्या वाटपात मोठ्या अडचणी आल्या आणि पुष्कळ जमीन प्रत्यक्षात भूमिहीनांच्या हाती पडली नाही, हेही नमूद केले पाहिजे. नित्यक्रम माणसाला चालते ठेवतो. फळाची हमी देत नाही. मुलांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे. नियमाने अभ्यास करणाऱ्याला पहिला क्रमांक मिळतोच असे नाही. मात्र नियमाने अभ्यास केल्याची जी घडण होते, ती निकालपत्रिकेवर अवलंबून नसते.

आता जो मुद्दा या सभागृहाच्या सर्वांत निकटचा आहे, त्याकडे यावयाचे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेपुढे आज कोणता प्रश्न आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुण्यात वा नाशकात मराठी भाषा मुलाच्या कानावर आणि डोळ्यांवर आपोआप पडते. दुकानाची पाटी, बसवरचा फलक, रिक्षावाल्याशी बोलणे, शेजारणीचे भांडणदेखील मराठीत असते. बडोद्यात तसे नाही. रस्ता गुजराती बोलतो, नोकरी इंग्रजी मागते, चित्रपट हिंदी असतो. मराठीला येथे रस्त्याचा आधार नाही. तिला आधार आहे तो घराचा आणि या शाळेचा. पहिली पिढी मराठीत विचार करीत आली, दुसरी मराठीत बोलत राहिली. तिसऱ्या पिढीत अनेक मुले आजीचे बोलणे समजतात, पण आजीने लिहिलेले पत्र वाचू शकत नाहीत. भाषा अशीच जाते. कोणी तिला हद्दपार करीत नाही. केवळ तिचे रोजचे कोणतेच काम उरत नाही.

म्हणून जेथे भाषेला परिसर नाही तेथे सवय हाच तिचा परिसर होतो. अभिमानाची भाषणे, वर्षातून एकदा होणारा भाषादिन, दिंडी आणि लेझीम यांचे मोल आहेच. पण तो लाखाच्या वजनाचा हिशेब झाला. भाषा टिकते ती दाण्या-दाण्याने. आणि तो दाणा कसा मोजावा, याची रीत याच शहरात वाढलेल्या त्या मुलाच्या घरात सापडते.

रात्रीच्या जेवणापूर्वी मुलाने मराठी पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचावे. आधी पान, मग ताट. आरंभी एक परिच्छेदही पुरे; पाच मिनिटांपेक्षा अधिक आग्रह नको. मूल स्वतः पुढचे वाचू लागले, तरच माप वाढवावे. रोज दोन पाने झाली, तर वर्षाला सातशे तीस पाने होतात. इतकी अवांतर मराठी पाने वर्षभरात वाचणारी घरे आज महाराष्ट्रातही थोडीच आढळतील. वाचनाच्या वेळी घरातील सर्वांचे फोन दुसऱ्या खोलीत असावेत. फक्त मुलाचा नव्हे, वडिलांचाही. पुस्तक कपाटात नसून डोळ्यांसमोर असावे. ज्या दिवशी पाहुणे असतील, त्या दिवशी एक ओळ वाचून काठ गाठावा. आणि किती पाने झाली याचे बक्षीस लावू नये. बक्षिसासाठी वाचलेले पान बक्षिसाबरोबर संपते.

आई-वडिलांनी हे करावे, असे म्हणताना एक सावधगिरी हवी. विनोबांच्या आयुष्याचा कठोरपणा गृहस्थाने जसाच्या तसा उचलावा, अशी अपेक्षा येथे नाही. ते ब्रह्मचारी होते, आश्रमवासी होते. त्यांच्या खांद्यावर घराचे हप्ते, कचेरीच्या वेळा, वृद्धांचे आजार हा भार नव्हता. परंतु ज्या बाईने आधी पाणी, मग पान हा क्रम ठरविला, ती संसारीच होती. चार माणसांचे स्वयंपाकपाणी उरकून, दिवसाअखेर तिने दाणे मोजले. विनोबांचे मोठेपण दूरचे वाटत असेल, तर तिचा नियम हाताशी आहे.

माजी विद्यार्थ्यांसाठीही एक विनंती आहे. त्यांतले पुष्कळ जण आज दूरदूरच्या शहरांत आणि परदेशांत आहेत. शाळेला देणगी देण्यास ते तत्पर असतात आणि त्याबद्दल संस्था ऋणीच राहील. पण देणगी वर्षातून एकदा दिली जाते. त्याशिवाय महिन्याला एक पत्र, स्वतःच्या हाताने, मराठीत, घरातल्या मोठ्या माणसाला किंवा आपल्या जुन्या गुरुजींना लिहावे. वेल्लोरच्या तुरुंगात असताना विनोबांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास एकदमच हाती घेतला होता. परभाषेसाठी ज्याला तुरुंगातही वेळ काढता आला, त्याच्या शहरातील शाळेत शिकलेल्यांना स्वतःच्या भाषेसाठी महिन्यातून अर्धा तास काढणे अवघड जाऊ नये.

हीरक महोत्सवाचे दिवे दोन दिवसांत उतरतील. मंडप आवरला जाईल, स्मरणिका घरोघरी जाईल. सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळी घंटा होईल आणि एकसष्टाव्या वर्षाचा पहिला तास सुरू होईल. त्या तासाला जी मुले बाकांवर असतील, त्यांच्या घरी आदल्या रात्री एक पान वाचले गेले होते की नाही, यावर या शाळेचा अमृतमहोत्सव कोणत्या भाषेत साजरा होईल हे ठरणार आहे.